गैरअर्जदार

कंधारच्या तहसीलीसमोर, कडुलिंबाखाली,
माझं टेबल, माझी छत्री, माझा टाइपरायटर.
त्याचा ह झिजलेला.
हुजूर नुसतं उजूर उमटतं,
हुकूम लंगडत बाहेर येतो.
गिऱ्हाईक म्हणतं, चालतंय, साहेबाला कळतंय.

खाजामियाँ माझे उस्ताद.
पंधराव्या वर्षी उर्दूत अर्ज लिहायचे,
वर आला हजरत, खाली फिदवी.
पोलीस ॲक्शननंतर आला हजरत गेलं,
मेहेरबान आलं.
मला म्हणाले, बेटा, शाई तीच होती, दौतही तीच.
पहिल्या ओळीत वाकायचं,
दुसरीत कमरेवर हात ठेवून दम घ्यायचा,
मग मागायचं.

या आवारात रोज सगळ्या गाद्या भरतात.
च्यावाल्या पोराला सगळे राजे म्हणतात :
राजे, दोन हाफ.
भर दुपारी बाकावर लवंडलेला शिपाई, तो निजाम.
बोबडे मास्तरांना शाळेत हिटलर म्हणायचे,
तेच मास्तर पेन्शनच्या कागदासाठी
याच स्टुलावर बसून तीनदा रडून गेले.
फौजदाराच्या कुत्र्याचं नाव सुलतान,
भाकरीच्या तुकड्यासाठी तो कुणाहीपुढं शेपूट हलवतो.
रांगेत कुणी घुसलं की ओरडतात, मोगलाई लागली का रे,
आणि ओरडणाऱ्याचा पणजा मोगलाईतच जन्मलेला,
सोलापूरकडचे पाव्हणे अजून आम्हालाच मोगलाई म्हणतात.

जो खरा आत बसतो, पंख्याखाली,
सही अडवून,
त्याला यातलं कुणी काही म्हणत नाही.
त्याला साहेब म्हणतात.

मंगळवारी मन्याडच्या पलीकडून एक बाई आली.
धुरपताबाई.
डाव्या हाताची दोन बोटं फडक्यात बांधलेली.
अर्ज करायचाय.
कुणावर?
मालकावर.
मी टाइप केलं : जमीनमालक
जमिनीचा न्हाई, म्हणाली. घरचा.

कागद ओढून काढला. नवा घातला.
गैरअर्जदाराचं नाव?
मालक.
नाव, बाई.
धनी. कारभारी. येजमान.
सांगितलं की वो.
एकेक करत तिनं माझ्या टेबलावर गाद्या मांडल्या,
सगळ्यांवर तोच माणूस बसलेला,
हातात कुऱ्हाडीचा दांडा.
बावीस वर्षांत एकदाच घेतलं होतं नाव,
उखाण्यात, हळदीच्या अंगानं,
बायांनी उंबऱ्यात अडवलं म्हणून.

मेहेरबानात मेहेर नसते, हे मला ठाऊक होतं.
तीस वर्षं तेच विकत आलोय.
मालकाच्या आत काय असतं
हे मी घरी कधी विचारलं नव्हतं.
मी नसताना आमची ही
शेजारणीशी बोलताना मला काय म्हणते?
पाणी प्यालो.
रिबन उगाच फिरवून पाहिली.

तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढलं,
माझ्यापुढं सरकवलं, वाचा.
मी चष्मा लावला तशी त्यावर तळहात ठेवला.
थांबा.
कडुलिंबावर एक होला घुमत होता, तो घुमून संपेपर्यंत थांबली.
हणमंत, म्हणाली.
मग जरा मोठ्यानं,
हणमंत किशन.
बाकावरच्या निजामानं एक डोळा उघडला.

नेमका ह.
दाबला, उमटला नाही.
पुन्हा दाबला.
जोरात हाणा की, म्हणाली.
तिसऱ्यांदा कागदाला भोक पडलं.
तिनं कागद उन्हाकडं धरला,
त्या भोकातून कुठं पाहिलं कुणास ठाऊक,
म्हणाली, चालतंय.

पुढचं सगळं सांगितलं तिनं, न अडखळता,
तारखा, दांडा, बोटं, कोंडलेलं दार.
मला वेगानं जमेना.
शेवटी हाताच्या सवयीनं मी मारलं :
आपली आज्ञाधारक.
हे काय लिहिलंत?
मी वाचून दाखवलं.
कुणाची?

त्या ओळीवर मी क्ष मारत गेलो,
शेवटच्या अक्षरापर्यंत.
वीस रुपये झाले.
तिच्याजवळ पंधराच निघाले, ते घेतले.
पोराला हाक मारायला तोंड उघडलं,
राजे
म्हणणार होतो,
आणि त्याचं नाव मला माहीतच नव्हतं.